उंबऱ्याआडचे डोळे

२०२२ सालच्या गणेशोत्सवातली गोष्ट. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीच्या पायाशीच मंडळाचा मांडव असतो. त्या मांडवात एका सकाळी ‘मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटप शिबिर’ भरले होते. लाउडस्पीकरचे तोंड नेहमीप्रमाणे आमच्या खिडकीकडे होते आणि कार्यकर्ता दर पाच मिनिटांनी सांगत होता, की परिसरातील सर्व ज्येष्ठ नागरिकांनी या संधीचा लाभ घ्यावा. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या कॉटवर बसून माझी थोरली मावशी ते ऐकत होती. वय सत्त्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला आणि तेव्हापासून ती जिना उतरलेली नव्हती. इमारत जुनी, जिना लाकडी, लिफ्टचा प्रश्नच नाही.

ती म्हणाली, “अरे, मला नेतोस का खाली? काय म्हणतात ते पाहू तर दे.”

मी म्हणालो, “अगं माई, या गर्दीत कुठे? आणि आता या वयात तुला काय मोठं वाचायचंय?”

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने भिंतीकडे तोंड करून पडून घेतले. हे वाक्य मी बोललो, आणि बोलताना मला त्यात काही गैर वाटले नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हे वाक्य थोड्याफार फरकाने बोलले गेले असेल. ते दुष्टपणाने कोणीच बोलत नाही. किंबहुना काळजीपोटीच बोलतो, आणि तीच त्यातली अडचण आहे.

माई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. १९९३ साली निवृत्त झाली. मूलबाळ नाही, यजमान गेल्यावर आमच्याकडे आली. वर्तमानपत्र ती पहिल्या पानाच्या मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिरातींपर्यंत वाचत असे, आणि शुद्धलेखनाच्या चुकांखाली लाल पेनने रेघ ओढत असे. ती लाल रेघ कधी बंद झाली हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. आधी ती म्हणू लागली, “हल्ली पेपरची शाई फिकी झालीय.” मग म्हणू लागली, “बातम्या त्याच त्याच, वाचायच्या कशाला?” मग टीव्हीसमोर बसून ती बघण्याऐवजी ऐकू लागली. तांदूळ निवडणे सोडले. फुलवाती मात्र वळत राहिली, कारण त्या बोटांना येत होत्या. आम्ही या सगळ्याचा अर्थ एकच लावला: माईचे आता वय झाले.

त्यानंतर पोरे आली. एका संध्याकाळी माईने माझ्या पत्नीला हळूच विचारले, “त्या फडताळावर ती फेटेवाली पोरं कुणाची बसलीत गं?” फडताळावर डबे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरे लहान, रंगीत फेटे बांधलेली, काही न बोलणारी. कधी भिंतीवर नक्षी, कधी जाळी. आमच्या पोटात गोळा आला. एका नातेवाइकाने दृष्ट काढायला सांगितले, दुसऱ्याने ‘म्हातारचळ’ हा शब्द तिच्यादेखत वापरला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सद्भावनेने एक गोळी दिली. त्या गोळीने माई दिवसाही झोपू लागली आणि आम्हाला वाटले, शांत झाली.

पुण्यासारख्या शहरात डोळ्यांच्या दवाखान्यांना तोटा नाही. मी तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडून एकच उत्तर आले: पेशंटला घेऊन या. एका ठिकाणी मी म्हणालो, “अहो, त्या तीन वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत.” पलीकडची बाई अगदी नम्रपणे म्हणाली, “मग अँब्युलन्स करा ना, सर.” तिचेही चुकले नाही, तिच्यापुढच्या कागदावर दुसरे उत्तरच नव्हते. अखेर एका स्नेह्याच्या ओळखीने एक तरुण ऑप्टोमेट्रिस्ट आमच्याकडे यायला तयार झाली. चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली, नंबर काढण्यापासून डोळ्यांची प्राथमिक तपासणी करण्यापर्यंतचे शिक्षण घेतलेली ही मुलगी खांद्याला एक बॅग आणि हातात काचांची पेटी घेऊन तीन जिने चढून आली.

त्या दीड तासात जे पाहिले ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घरी डोळे तपासतात म्हणजे काय याची बहुतेकांना कल्पना नसते. मलाही नव्हती. तिने प्रथम मोजपट्टी काढली. हर्मन स्नेलन या डच डॉक्टरांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता तयार केला, तो सहा मीटरवरून वाचायचा असतो. आपण ज्याला ‘सहाला सहा’ दृष्टी म्हणतो त्यातले पहिले सहा म्हणजे हे सहा मीटर. पेठेतल्या खोलीत सहा मीटर कुठून आणणार? पण तीन मीटरवरून वाचायचे तक्तेही असतात. तिने तो कपाटाला टांगला, कॉट थोडी सरकवली. मग माईची सगळी औषधे विचारून लिहून घेतली. जुना चष्मा मागितला आणि त्याचा नंबर पाहून शेवटची तपासणी कधी झाली, असे विचारले. हिशेब केला तर अकरा वर्षे झाली होती. अकरा वर्षांत आम्ही घराला दोनदा रंग दिला होता.

माईने आधी चाचरत, मग वर्गात फळ्यावरचे वाचावे तशी अक्षरे वाचली. डाव्या डोळ्याने वरच्या ओळीपुढे जाता येईना. मुलीने तिच्या नाकावर चाचणीची चौकट बसवून एकेक काच बदलली. रेटिनोस्कोप नावाच्या लहानशा उपकरणाने डोळ्यात प्रकाश टाकून परतणारा प्रकाश कसा हलतो ते पाहिले. या उपकरणाची गंमत अशी, की समोरचा माणूस बोलू शकत नसेल, त्याला स्मृतिभ्रंश झाला असेल, अक्षरओळख नसेल, तरी नंबराचा चांगला अंदाज येतो. मग हातात धरायच्या यंत्राने डोळ्यातला दाब मोजला, कारण काचबिंदू दुखत नाही, सांगून येत नाही आणि नेलेली दृष्टी परत देत नाही. पडदे ओढून ऑप्थॅल्मोस्कोपने डोळ्याच्या आत पाहिले. शेवटी चौकटी आखलेला एक कागद पुढे धरून विचारले, “आजी, या रेघा सरळ दिसतात की वाकड्या?” उजव्या डोळ्याला सरळ पण धुरकट दिसल्या. डाव्याला मध्ये डाग आणि भोवती वाकलेल्या.

निष्कर्ष सोपा होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगलाच वाढलेला. डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग वयोमानाने झिजलेला. त्यामुळे माणसाचे कान दिसायचे, पण नाक-डोळे नाहीत. चष्मा पूर्णपणे निरुपयोगी. यापैकी उजव्या डोळ्याचे बरेच काही करता येणार होते. डाव्याचे फारसे नाही, पण नेत्रतज्ज्ञांनी तो लवकर पाहायला हवा होता.

मग मी चाचरत त्या पोरांचा विषय काढला. मुलगी हसली नाही. तिने माईलाच विचारले, “आजी, ती मुलं खरी आहेत असं तुम्हाला वाटतं का?” माई म्हणाली, “छे गं. डबे आहेत तिथे, मला माहीत आहे. पण दिसतात त्याला काय करू?” मुलीने सांगितले, की डोळ्यांकडून मेंदूला पुरेसे चित्र पोचेनासे झाले, की मेंदू कधीकधी स्वतःच चित्रे काढतो. जिनिव्हाचे निसर्ग-अभ्यासक शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवले आहे. आजोबा नव्वदीला आलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बुद्धी शाबूत, आणि त्यांना माणसे, पक्षी, इमारती दिसत. वैद्यकात या अवस्थेला बोने यांचेच नाव आहे. माई ऐकत होती. मग तिने विचारले, “म्हणजे मला वेड नाही ना लागलेलं?”

गेले पाच-सहा महिने ती हा प्रश्न घेऊन कॉटवर पडून होती. आम्ही तिला गोळी देत होतो.

ही आमच्या घरची हकीगत झाली. ती एवढीच असती तर वर्तमानपत्राची जागा अडवायचे कारण नव्हते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. आज ती त्याहून बरीच जास्त आहेत. केंद्र सरकारने २०१५ ते २०१९ या काळात अंधत्वाची राष्ट्रीय पाहणी केली. तिच्यात पन्नाशीच्या पुढच्या लोकांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले आणि त्यातले सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे होते. म्हणजे पन्नाशीनंतर जे आंधळे म्हणून मोजले गेले त्यांतल्या दर तिघांपैकी दोघांचा आजार शस्त्रक्रियेने बरा होण्यासारखा होता. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने त्या शहरातल्या वृद्धाश्रमांची पाहणी केली. तिथे दर दहांपैकी सुमारे तिघांची दृष्टी अधू निघाली. प्रमुख कारणे दोनच: मोतीबिंदू आणि चष्म्याचा चुकीचा किंवा नसलेला नंबर. या काही दुर्मीळ व्याधी नव्हेत. दोन्हींवरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे आणि आज तो पूर्वीपेक्षा कितीतरी सोपा झाला आहे.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सरकारची ती पाहणी दवाखान्यात बसून झालेली नाही. पाहणीची पथके ३१ जिल्ह्यांत घरोघर गेली, दारात उभी राहिली आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसांची दृष्टी तिथेच तपासून नोंद केली. म्हणजे घरी जाऊन डोळे तपासता येतात, हे आपल्या व्यवस्थेला ठाऊक आहे. मोजण्यासाठी ती घरी जाते. उपचारासाठी मात्र माणसानेच तिच्याकडे यायचे असते.

१९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून आपण शिबिरे भरवत आलो. शिबिरांनी या देशात मोठे काम केले आहे. खेड्यापाड्यांतल्या लक्षावधी म्हाताऱ्या माणसांना त्यांनी नजर परत दिली. त्या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण शिबिराचा एक अंगभूत दोष आहे. जो चालत येईल त्यालाच ते दिसते. जो येत नाही तो हजेरीपटावर नसतो, आणि जो हजेरीपटावर नाही त्याला गरज नाही असे धरले जाते. शिबिर संपल्यावर ‘तीनशे ज्येष्ठांनी लाभ घेतला’ अशी बातमी येते. वर, तिसऱ्या मजल्यावर, कॉटवर किती जण पडून होते ही बातमी कधीच येत नाही.

घरी जाणे आपल्याला अशक्य आहे काय? अनुभव तसे सांगत नाही. पोलिओचे थेंब द्यायला आपण घरोघर गेलो. करोनाच्या काळात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस देता येणार नाही, असे आधी ठामपणे सांगितले जात होते. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेवर सुनावणी झाली आणि ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत घरी जाऊन लस देणे सुरू झाले. निवृत्तांचा हयातीचा दाखला २०२० पासून पोस्टमन घरी येऊन करून देतो. माणूस जिवंत आहे की नाही हे पाहायला सरकारी माणूस घरी येतो, तर त्याला दिसते की नाही हे पाहायलाही येता यावे.

कागदावर तर बरेच आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरी भेट द्यावी, अशी तरतूद आहे. आशा कार्यकर्त्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तक्ता भरतात त्यात धूसर दिसते का, वाचायला त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद आहे. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना मोफत द्यायच्या साधनांत चष्मा आहे; ती साधने मुख्यतः शिबिरांतून वाटली जातात. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात पासष्टीच्या पुढच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी ३,००० रुपये थेट खात्यात देण्याचे ठरले. पण चष्मा कोणत्या नंबराचा घ्यायचा हे ठरवायला आधी कुणीतरी डोळे पाहावे लागतात. प्रश्न विचारणारी आशाताई आहे, पैसे देणारी योजना आहे, शस्त्रक्रिया करणारी रुग्णालये आहेत. मधली एकच पायरी नाही, आणि जिन्यातली एक पायरी नसली तर बाकीच्या असून उपयोग नसतो.

ही पायरी दुसरीकडे बांधली गेलेली आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेतून साठीच्या पुढच्या माणसाची नेत्रतपासणी मोफत होते, आणि आजारपणामुळे वा अपंगत्वामुळे ज्याला स्वतःहून बाहेर पडता येत नाही, त्याची ती घरी किंवा वृद्धाश्रमात येऊन केली जाते. तपासणाऱ्याला या फेरीचे वेगळे शुल्क सरकार देते. ही सोय आभाळातून पडलेली नाही. १९८९ मध्ये तिथल्या सरकारने बहुतेकांची मोफत नेत्रतपासणी बंद केली होती. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, साठीपुढच्यांना ती पुन्हा मिळाली. श्रीमंत देशाचे उदाहरण आपल्याला काय कामाचे, असे कोणी म्हणेल. घेण्यासारखी आहे ती कल्पना: घराबाहेर पडू न शकणारा माणूसही तपासणीचा हक्कदार आहे आणि जाण्यायेण्याचा भार व्यवस्थेने उचलायचा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. घरी सगळे होत नाही, हे खरे आहे. दृष्टीचे क्षेत्र मोजणारी मोठी यंत्रे, पडद्याचे थर दाखवणारी यंत्रे घरी येत नाहीत. शस्त्रक्रिया तर नाहीच. पण घरच्या तपासणीचे मुख्य काम निवड करण्याचे आहे. कोणाचे काम केवळ नव्या चष्म्याने आणि चांगल्या दिव्याने भागेल, कोणाला कसेही करून रुग्णालयात नेलेच पाहिजे आणि कोणासाठी किती घाई करायची, एवढे जरी कळले तरी ‘अँब्युलन्स करा ना, सर’ या वाक्याला अर्थ येतो. काही मिळणार आहे हे माहीत असले, तर माणसे खुर्चीवरून जिना उतरवतात. काहीच माहीत नसताना कोणी उतरवत नाही.

दुसरा आक्षेप : शहरांत चष्म्याच्या काही कंपन्या घरी माणूस पाठवतातच की. पाठवतात, आणि त्यात काही वाईट नाही. पण नंबर काढणे वेगळे आणि डोळे तपासणे वेगळे. ज्याला फ्रेम विकायची आहे त्याने दाब मोजला का, आत पाहिले का, मधुमेह विचारला का? मधुमेहाने पडदा खराब होत असेल तर नवा चष्मा ही नुसती फसवी समजूत ठरते. तेव्हा घरी कोणी येत असेल तर त्याचे शिक्षण आणि ओळखपत्र विचारायला संकोच करू नये. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात अनोळखी माणूस शिरतो आहे, ही गोष्टही लहान नाही. तपासणीच्या वेळी घरचे कोणीतरी हजर असावे.

तिसरी गोष्ट उत्साहींसाठी. नवा चष्मा म्हणजे सरळसोट भलेच, असे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या अशक्त माणसांवर एक अभ्यास झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळे तपासून, चष्मे बदलून दिलेली माणसे न दिलेल्यांपेक्षा जास्त पडली! नंबर एकदम फार बदलला, की पायरी जवळ की लांब याचा अंदाज चुकतो, असे त्याचे एक कारण सांगितले गेले. याउलट इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा २००५ चा अभ्यास सांगतो, की पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू लांबण न लावता काढलेल्या सत्तरीपुढच्या स्त्रियांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. दोन्हींचा धडा एकच: हे काम जाणत्याने करावे, नंबर बेताने बदलावा, पहिले काही दिवस हात धरावा. आमच्याकडे आलेल्या मुलीने माईला दोन भागांच्या काचेऐवजी वाचायचा चष्मा वेगळा दिला आणि बजावले, “आजी, हा नाकावर ठेवून चालायचं नाही हं.” शिवाय तिने कॉटशेजारचा मंद दिवा बदलायला लावला, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पांढरी पट्टी मारायला लावली आणि कॉटचे डोके खिडकीकडे करायला लावले, म्हणजे उजेड पाठीमागून पानावर पडेल. यातले काहीही तिला दवाखान्यात बसून सांगता आले नसते, कारण आमचे घर तिने पाहिलेच नसते.

माईला जानेवारी २०२३ मध्ये खाली आणले. मंडळाच्याच चार मुलांनी खुर्चीवर बसवून आणले. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळे तपासले, डाव्याची आशा फार धरू नका म्हणाले आणि उजव्याचा मोतीबिंदू काढला. ‘अजून पिकू द्या’ ही जुन्या काळची गोष्ट झाली. आता तो पिकण्याची वाट पाहत नाहीत, उलट फार कडक झालेला काढणे अवघड जाते. शस्त्रक्रियेला अर्धा तासही लागला नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती गोळी बंद झाली. फेटेवाली पोरे हळूहळू कमी झाली. माई एकदा म्हणाली, “आता येत नाहीत. त्रास नव्हता हो त्यांचा.”

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. ती पूर्वीसारखी छोट्या जाहिराती वाचू शकली नाही. लवकर दमायची. पण मथळे वाचायची, भिंग घेऊन अग्रलेखाचे दोन परिच्छेद वाचायची, आणि मार्चमध्ये एका सकाळी वर्तमानपत्रात एका शब्दाच्या ऱ्हस्व वेलांटीखाली मला लाल रेघ दिसली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या मतदारांना घरून मतदानाची सोय झाली. मी अर्ज भरला. मतदानाच्या दिवसाआधीच कर्मचारी तीन जिने चढून आले, आडोसा उभा केला, मतपत्रिका हातात दिली. एका कर्मचाऱ्याने सवयीने विचारले, “आजी, वाचून दाखवू का?” माई म्हणाली, “नको. मला येतं वाचता.” कोणाला मत दिले ते तिने शेवटपर्यंत आम्हाला सांगितले नाही. २०२५ च्या पौषात ती गेली.

माझ्या मनाशी राहतात ती त्याआधीची तीन वर्षे. तिच्या नजरेवर पडदा येत होता आणि घरात चार डोळस माणसे वावरत होती. आमच्यापैकी कोणी तिला एकदाही विचारले नाही, की माई, तुला नक्की किती दिसते? म्हातारी माणसे स्वतःहून सांगत नाहीत. खर्च होईल, कोणाची रजा मोडेल, पुन्हा दवाखाना मागे लागेल, या भीतीने ती शाईला फिकी म्हणतात. त्यांचे मौन आपण समाधान म्हणून वाचतो.

तेव्हा सरकारने काय करावे हे सांगून झाल्यावर एक काम वाचकांसाठी. आज रविवार आहे. हीच पुरवणी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. त्यांचा नेहमीचा चष्मा त्यांना लावा, दिवा लावा. आधी एक डोळा तळहाताने झाका आणि वाचायला सांगा, मग दुसरा. एका डोळ्याची उणीव दुसरा झाकून नेतो, म्हणून एकेकच पाहायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तांदळातला खडा दाखवा, खिडकीच्या गजांकडे पाहायला सांगा. गज वाकडे दिसू लागले असतील, किंवा नजर अलीकडे अचानक कमी झाली असेल, तर एक दिवसही न दवडता नेत्रतज्ज्ञाला फोन करा. ही काही तपासणी नव्हे. तपासणीची गरज आहे की नाही एवढे यातून कळते. मधुमेह असलेल्यांना आणि घरात कोणाला काचबिंदू असलेल्यांना तर एवढ्याने सगळे ठीक दिसले तरी खऱ्या तपासणीवाचून गत्यंतर नाही.

आणि मंडळांना एक विनंती. आमच्या जिन्यावर अठरा बिऱ्हाडे आहेत. माई गेल्यावर मी मोजले, त्यांत खाली न उतरणारी चार माणसे आहेत. दर शिबिराला मांडवात चार-पाच तपासनीस बसलेले असतात. यंदा मी मंडळाच्या अध्यक्षांना म्हणालो, “स्पीकर लावा, बॅनर लावा, सगळं करा. फक्त त्यांच्यातल्या एकाला काचांची पेटी देऊन दुपारी वर पाठवा.” ते क्षणभर थांबून म्हणाले, “काका, हे कधी सुचलंच नाही.”

मलाही सुचले नव्हते. माझ्या तर घरातच होती ती.